हिरवा निकाल

“गुरुजी, रंग हिरवा आलाय ना? हिरवा म्हणजे मुलगी ठीक आहे. मग तुम्ही भांडताय कशासाठी?”

संस्थेच्या सांगलीतल्या ऑफिसात मॅडम मला हे तिसऱ्यांदा समजावत होत्या. मी खुर्चीवर बसलोच नव्हतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. सरळ म्हटलं, “मॅडम, ती ठीक नाही. तो हिरवा रंग मी आणलाय. लाल करा.”

“तसं करता येत नाही. निकाल वर गेला.”

वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी धरणेंद्र, आष्ट्याजवळच्या एका नदीकाठच्या गावात प्राथमिक शिक्षक. तेवीस वर्षं स्कॉलरशिपला पोरं बसवली. परीक्षा आली की सराव, एवढंच मला येतं. पुराच्या पुढच्या वर्षी ह्या संस्थेनं शाळेला टॅब दिला. त्यातला खेळ खेळताना पोरांच्या मनावर पुराचा किती ताण उरलाय ते कळतं म्हणे. पडद्यावर दोन चेहरे येतात, एक हसरा, एक रागीट. मग जिथं चांदणी उगवेल तिथं बोट लावायचं. मध्येच ढग गडगडतो. पोर दचकलं, रागीट चेहऱ्याला अडकलं, की त्याचं नाव लाल. लाल नावांसाठी दर आठवड्याला मनाचे डॉक्टर गावात येणार. टॅब सोमवारी आला, तपासणीवाले शुक्रवारी येणार होते.

सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत होतं, ही परीक्षा नाही, सराव घेऊ नये. मी हसलो. ज्या कागदावर असं लिहितात, त्याचाच निकाल पुढं बैठकीत वाचून दाखवतात, हे नोकरीनं मला शिकवलं होतं. शेजारच्या शाळेत बावीस नावं लाल आली होती. तिथल्या हेडमास्तरांना लोक विचारत होते, तुमचीच पोरं कशी काय वेडी निघाली?

मग काय, घेतला चार दिवस सराव. फळ्यावर चेहरे काढले. “रागावलेल्याकडं बघायचंच न्हाई. ढग वाजला तरी लावलेलं बोट हलवायचं न्हाई,” असं घोकून घेतलं. गडगडाटासाठी मी स्वतः खिचडीचं ताट बडवायचो.

पहिल्या दिवशी ताट वाजलं तशी चौथीतली राजनंदिनी बाकाखाली शिरली. पुराचं पाणी घरात आलं तेव्हा आजोबांनी तिला सांगितलं होतं, जा, म्हशीचं दावं सोड. ओल्या दाव्याची गाठ पोरीला सुटली नाही. दोन दिवस ती माळ्यावर होती, आणि पहिला सबंध दिवस खालून म्हैस हंबरत होती. तेव्हापासून पोरगी झोपेतून किंचाळत उठते. गल्लीतली बांधलेली जनावरं सोडत हिंडते, म्हणून लोकांच्या शिव्या खाते. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे. मलाही होतं. तरी मी तिला बाकाखालून ओढून काढलं आणि म्हटलं, “परत.”

गुरुवारी ताट वाजलं तरी तिनं बोट हलवलं नाही. दुसऱ्या हातात फ्रॉक इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. ते मी बघितलं आणि शाबासकी दिली. सांगायला लाज वाटते, पण दिली. शुक्रवारी एकेचाळीसच्या एकेचाळीस पोरं हिरवी.

पुढच्या आठवड्यात तिचे आजोबा, आकाराम, शाळेत आले. फौजेतून आलेला ताठ माणूस, पण टोपी काढून हातात घेतली होती.

“गुरुजी, त्यो मनाचा डागतर आपल्याकडं कवा येनार? पोरगी रातभर जागीच असती. मी बी.”

“आबा, आपल्याकडं न्हाई येणार. आपली समदी पोरं हिरवी आली.”

“आवं, आमची पोरगी हिरवी?” त्यांनी हातातली टोपी टॅबकडं केली. “मग त्या डबड्याला दिसतंय तरी काय?”

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून सांगली गाठली, तर मॅडमचं हे असं.

“तो निकाल खोटा आहे,” मी म्हटलं. “मी लेखी देतो. माझ्यावर कारवाई करा, पण पोरीला डॉक्टर द्या.”

“पुन्हा खेळायला सहा महिने जावे लागतात. आणि गुरुजी, तुमची शाळा जिल्ह्यात पहिली आलीय. पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार आहे.”

माझं डोकंच फिरलं. स्वतःचा राग होताच, पण ह्यांना काय झालंय? म्हातारा सांगतोय, गाव सांगतंय, मास्तर स्वतःच्या हातानं लिहून देतोय, आणि ह्यांचा विश्वास एका रंगावर.

“सत्कार तुम्हीच करून घ्या,” मी म्हटलं. “मी पोरगी आणून समोर उभी करतो. तिला एकदा डोळ्यांनी बघा.”

“तसं आमच्या पद्धतीत बसत नाही.”

अर्ज तेवढा ठेवून घेतला. पोच मागितली तर शिक्का सापडेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी राजनंदिनीला वर्गात थांबवून घेतलं. म्हटलं, “बाळ, माझं चुकलं. मी शिकवलं म्हणून तुझं सगळं बरोबर आलं. थोडं चुकलं असतं, तर तुझ्यासाठी डॉक्टर आले असते.”

तिला वाटलं, मी तिच्यावरच रागावलोय. ती जागेवर गेली, दप्तरातून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“कुठं कुठं चुकायचं ते सांगा, गुरुजी,” ती म्हणाली. “मी पाठ करती.”