साताऱ्यातल्या त्या सकाळी मी अडलो

मित्रांनो, वडूजला नाथाजी मास्तरांच्या घरात, ज्वारीच्या कणगीमागे भिंतीला टेकून एक लांबट पितळी वाद्य उभे असते. तो मी. मी एक जुना ट्रॉम्बोन आहे. माझ्या वयाची वाद्ये आपली कीर्ती सांगतात. मला मात्र एका सकाळची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना आजही मला लाज वाटते.

मेरठच्या एका कारागिराने मला घडवले. माझी नळी सरळ केली तर नऊ फूट भरेल. ती दुमडून तिचा अर्धा भाग दुसऱ्या नळीवर सरकेल असा बसवला आहे. दोन नळ्यांच्या मध्ये कागदाच्या जाडीइतकीही फट नाही. ट्रंपेटला तीन कळा असतात. मला एकही नाही. वाजवणाऱ्याने उजव्या हाताने माझी स्लाइड, म्हणजे ती सरकती नळी, पुढे ढकलली की नळी लांब होते आणि सूर खाली येतो. मागे ओढली की सूर चढतो. स्लाइड थांबवायच्या सात जागा आहेत, पण त्या माझ्या अंगावर कुठेही कोरलेल्या नाहीत. हाताने त्या लक्षात ठेवायच्या आणि कानाने तपासायच्या. सहज सरकणे एवढेच माझे काम.

मी पलटणीच्या बँडमध्ये दाखल झालो आणि नाथाजींच्या हाती आलो. मद्रास आणि सिलोन इथल्या छावण्यांत आम्ही अनेक वर्षे काढली. तिथे नाथाजी माझ्या स्लाइडला दोन थेंब खोबरेल लावत. त्या उष्ण हवेत ते बाराही महिने पातळ राही आणि मी पाण्यासारखा सरकत असे. युद्ध संपले. १९४६ साली नाथाजींना घरी पाठवले आणि पलटणीने जुनी वाद्ये मोडीत काढली. नाथाजींनी मला विकत घेतले आणि वडूजला आणले.

तिथे ते मुलांना शिकवू लागले. पहिला महिनाभर ते कुणाला मला हात लावू देत नसत. फक्त माउथपीस ओठांवर धरून भुंग्यासारखा आवाज काढायचा. मग कागदाचा चिटोरा भिंतीवर धरायचा, बोट काढून घ्यायचे आणि नुसत्या फुंकरीने तो पडू द्यायचा नाही. त्यानंतर स्लाइड. ती मुठीत आवळायची नाही. कोंबडीचे पिल्लू धरावे तशी दोन बोटे आणि अंगठा यांत धरायची. तिसरी जागा भोंग्याच्या काठाच्या अलीकडे, चौथी जरा पलीकडे. सूर काढायला जिभेने 'तू' म्हणायच्या आत हात तिथे पोचला पाहिजे, नाहीतर दोन सुरांच्या मध्ये रेड्याच्या हंबरण्यासारखा आवाज येतो.

बारा मुलांनी सुरुवात केली. दिवाळीपर्यंत चार उरली. त्यांत सर्वांत चांगला होता महंमद. तो तेरा वर्षांचा होता. त्याचे वडील बादशहाभाई गावोगाव भांड्यांना कल्हई करत. कल्हईच्या भात्यावर बसून महंमदची छाती भरली होती आणि धातूशी कसे वागावे हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. वाजवून झाले की तो माझ्यातले पाणी काढी, आतली नळी फडक्याने पुसे आणि मला आडवा ठेवी.

डिसेंबरात साताऱ्याहून निरोप आला. तिथे दादासो म्हणून एक बँडमालक होते. त्यांना ट्रॉम्बोन वाजवणारा एक मुलगा हवा होता. राहणे, जेवण, गणवेश आणि पगार. जागा एकच होती. बादशहाभाईंनी मास्तरांना सांगितले, की कल्हईच्या नवसागराच्या धुराने माझे डोळे अधू झाले, पोराचे तरी राहू देत. महंमदला त्या जागेवाचून दुसरे काही सुचत नव्हते.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी मला चुलीजवळ बसून तयार केले. एरवी गावी ते मला नुसते पाणी लावत. पण मोठा दिवस म्हणून त्यांना पलटणीतली सवय आठवली. त्यांच्या बायको रंगुबाई यांनी खोबरेलाची बाटली निखाऱ्यांपाशी ठेवून तेल पातळ करून दिले. मास्तरांनी स्लाइडला दोन नव्हे, चांगले सात-आठ थेंब चोळले. मी झुळझुळ सरकलो. मित्रांनो, खरे सांगतो, मला ते आवडले. बऱ्याच दिवसांनी माझे लाड झाले होते.

पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने मास्तर महंमदला घेऊन निघाले. आत माझी पेटी मावेना, म्हणून ती टपावर बांधली. दोन तास माणदेशी वारा पेटीच्या फटींतून माझ्या अंगावर येत होता. साताऱ्यात पोचेपर्यंत माझे पितळ बर्फासारखे गार झाले होते.

दादासोंच्या बँडघरापुढच्या सावलीत दहाबारा वादक उभे होते. दादासो घाईत होते, म्हणून पोचताक्षणी महंमदला वाजवायला लावले. त्याने मला उचलले, पहिला सूर लावला. तो स्वच्छ आला. मग त्याने हात पुढे नेला आणि मी सरकलोच नाही.

दोन नळ्यांमधले खोबरेल थिजून मेणासारखे झाले होते. त्याने जोर लावला, तसा मी एकदम सुटलो आणि चौथी जागा ओलांडून पुढे गेलो. रेडा हंबरला. वादक हसले. एकाने विचारले, पोरा, दूध काढायला आलास काय? महंमदने तीनदा, चारदा प्रयत्न केला. त्याच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला. पाच मिनिटांनी दादासोंनी हात वर केला.

"वारा हाय गड्या तुझ्यात," ते म्हणाले, "पर हात न्हाई."

नाथाजी मास्तरांचा चेहरा काळवंडला. त्यांनी पुढे होऊन महंमदच्या हातातून मला काढून घेतले आणि अंगणातल्या उन्हात जाऊन उभे राहिले. आता पुढचे ऐका. महंमदच्या गरम श्वासाने आतली नळी आधीच ऊबदार होत आली होती. वरून ऊन लागले. खोबरेल वितळायला एवढे पुरते. मास्तरांनी स्लाइड दोन-तीनदा जोराने मागेपुढे केली, वाजवायला सुरुवात केली आणि मी त्यांच्या हातात अलगद सरकलो. एकही सूर चुकला नाही. वादकांनी माना डोलावल्या.

"बगितलंस?" मास्तर सर्वांसमोर म्हणाले. "वाद्य त्येच हाय. सा म्हयनं शिकवलं, पर तुझा हात लाकडाचा त्यो लाकडाचाच."

ज्याने मला रोज पुसले त्याच्यासाठी मी अडलो, आणि त्याला खोटे पाडायला मी सरकलो. माझ्या गळ्यातून त्या वेळी निघालेला सूर आजवरच्या सर्व सुरांत गोड होता, असे मास्तर पुढचे काही दिवस म्हणत. मला तो आठवला की मी कणगीमागे आणखी आत सरकावे असे वाटते.

दादासो दुसरा मुलगा बघतो म्हणाले. परतायच्या आधी महंमदने नेहमीप्रमाणे मला पुसायला घेतले. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी पांढरा कण लागला होता. त्याने तो नखाने काढला, बोटांत चोळला, वास घेतला. मास्तरांकडे पाहिले. मग मला पेटीत आडवा ठेवून पेटी बंद केली. दुसऱ्या दिवसापासून तो शिकायला आला नाही.

आठवड्याने रविवारी सकाळी मास्तर डोक्याला तेल लावायला बसले. बाटली उलटी केली तरी तेल येईना. रंगुबाई बाटली निखाऱ्यांपाशी ठेवत म्हणाल्या, "आवं, थंडीत खोबरेल थिजतंयच की. त्यात काय नवाल?"

मास्तर उठले. मला घेतले, स्लाइड ओढली. मी अडलो. बघणारे मास्तर आणि रंगुबाई दोघेच होते, तरी मला साताऱ्यापेक्षा जास्त लाज वाटली. घराघरांतल्या बायकांना ठाऊक असलेली गोष्ट आम्हा दोघा पलटणीतल्या शहाण्यांना सुचली नव्हती.

मास्तर मला हातात घेऊन तसेच निघाले. लिंबाखाली बादशहाभाईंची भट्टी लागली होती. भांडी घेऊन सातआठ बाया बसल्या होत्या आणि महंमद भाता ओढत होता. त्या सर्वांसमोर मास्तरांनी सांगितले, की पोराचा हात लाकडाचा नव्हता, तेल मी लावले होते, चूक माझी. बादशहाभाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. महंमदने भाता सोडला नाही.

"मला ठावं हुतं, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी विचारले, मग तिथेच का बोलला नाहीस?

"बोललो असतो तर दादासोंनी मला घेतलं असतं. पर ती समदी तुमास्नी हसली असती. कसं बोलू?"

 दुसऱ्याच दिवशी मास्तर साताऱ्याला जाऊन आले. दादासोंनी ऐकून घेतले, पण मधल्या आठवड्यात त्या जागेवर घेतलेल्या मुलाला कसे काढणार? त्यालाही घर होते.

मास्तर मला भट्टीपाशीच ठेवून गेले होते. महंमदने मला चार दिवस ठेवून घेतले. सोड्याच्या कोमट पाण्याने माझी नळी आतून धुतली, तेलाचा अंशही ठेवला नाही, आणि मला मास्तरांच्या दारात आणून दिले. आता दुसऱ्या पोराला शिकवा म्हणाला. मास्तरांनी त्याला आत बोलावले. भट्टी पेटवायची आहे असे सांगून तो गेला.

मित्रांनो, तुमच्या हातात एखादे अवजार किंवा वाद्य चालेनासे झाले, तर आधी ते उघडून पाहा. हवा कशी आहे, आत काय साचले आहे, ते तपासा. त्यानंतर हाताला दोष द्या. आणि उद्या तुम्ही कुणाला शिकवायला बसलात, तर ही तपासणी त्याच्यावर रागावण्याआधी करा. आम्ही वस्तू मुक्या असतो. आमच्यामुळे कुणावर आळ आला तर तो आम्हाला दूर करता येत नाही. तुम्हाला येतो.

मास्तर अजून शिकवतात. मला आता फक्त पाणी लागते आणि मी सर्वांच्या हातात चांगला सरकतो. महंमदने मात्र मला पुन्हा ओठ लावला नाही.