शुभ्रकंठ

शरदाचे ऊन माळावर उतरले होते. पवन्याचे गवत पिकून सोनेरी झाले होते, कुसळीच्या तुऱ्यांवर तांबूस झाक आली होती, आणि वाऱ्याची एकेक झुळूक क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ते सारे सोने हलवत जात होती. माथ्यावर निरभ्र, निःसंग, नीलधवल आकाश. सोलापूरच्या पलीकडच्या त्या उघड्या माळावर सावली म्हणून एकच बाभूळ होती, आणि तिच्याखाली नीळकंठ आणि त्यांची बायको शैलजा बसली होती.

थकली होती दोघे. चालून थकली, पाहून थकली, न दिसणाऱ्याची वाट पाहून थकली. उभ्या संसारात पाखरे पाहायला या माळावर येण्याचा एकही शरद त्यांनी चुकवला नव्हता. पण माळढोक, तो उन्नत, धीरगंभीर, शुभ्रकंठ पक्षी, कित्येक वर्षांत दिसला नव्हता. माळावरून तो नाहीसा होत चालला होता.

आणि नीळकंठांच्या डोळ्यांतून सारा माळच नाहीसा होत चालला होता. काचबिंदूने दृष्टीच्या कडा कुरतडल्या होत्या. मधोमध उरले होते उजेडाचे एक इवलेसे वर्तुळ, आणि तेही पुढच्या शरदापर्यंत टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते विझण्याआधी एकदा त्यांना माळढोक पाहायचा होता. मग पुढे तुझ्याच डोळ्यांनी बघायचं, असे ते सकाळी एसटीत शैलजाला अगदी सहज म्हणाले होते.

दोघांचे दोन नेम होते, लग्नाइतके जुने. दोघांनी पाहिला, तरच पक्षी पाहिला म्हणायचा. आणि पाखराच्या आधी आपण उठायचे नाही. त्याला उठवायचे नाही, त्याला टाकून जायचे नाही, ते आपल्या मनाने उडून जाईपर्यंत बसून राहायचे. या नेमापायी कितीदा तरी त्यांची परतीची एसटी चुकली होती.

ऊन कलले. नीळकंठांच्या हातातली दुर्बीण फिरता फिरता थांबली.

"शैला," ते कुजबुजले, "तो बघ. मान बघ त्याची."

तिने झुकून त्यांच्या गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. गवताच्या सोन्यात खरोखरच एक पांढरी मान उभी होती, माथ्यावर काळी टोपी. वनखात्याचा हद्दीचा दगड होता तो, चुना फासलेला, वर डांबराचा पट्टा ओढलेला. सकाळी त्याच दगडावर तिने पाण्याची बाटली टेकवली होती.

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्या शिणलेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर शरदाचे सगळे ऊन गोळा झाले होते. तिचा जीव तुटला.

"दिसला," ती म्हणाली.

मग बसणे आले. नेमच तो.

ऊन पिवळे झाले, केशरी झाले, गवताच्या टोकांवर चढून बसले. दगड हलला नाही. नीळकंठ डोळ्यांतले पाणी पुसत होते आणि पुन्हा पाहत होते. किती शांत उभा आहे, किती धीराचा आहे, म्हणून कौतुक करत होते. प्रत्येक कौतुक तिला कुसळासारखे टोचत होते. पाय आखडले, पाठ भरून आली. उडाला, एवढे म्हटले की सुटका होती. पण पुढे तिचे हेच डोळे नीळकंठांचे डोळे होणार होते. आजच हे डोळे खोटे बोलले, तर उद्या त्यांनी कुठल्या पाखरावर विश्वास ठेवायचा?

"अहो," ती म्हणाली, "तो दगड आहे. हद्दीचा. मला तेव्हाच कळलं होतं."

वारा पडला.  नीळकंठांना लागले होते, आणि ते त्यांनी लपवले नाही. मग त्यांनी दुर्बिणीचा पट्टा आपल्या गळ्यातून काढला, आणि चाचपडत तिच्या गळ्यात घातला.

"मग नाही पाहिला म्हणायचा," ते म्हणाले. "आता काय दिसतंय ते सांग. असेल तेच सांग."

तिने मान वर केली. उत्तरेकडून भोवत्या पक्षी येत होते, थंड मुलखातून निघालेले शिकारी, लांबपंखी, क्लांतपंखी, रात्रीपुरते या गवतात उतरणारे. ती सांगू लागली. एक आला, राखाडी. त्याच्यामागे मादी, तपकिरी. अजून एक, फार खालून, अगदी तुऱ्यांना लागून. नीळकंठांनी डोळे मिटले. ती सांगत होती, ते ऐकत होते, आणि पाखरामागून पाखरू, पंख मिटत, पंख मिटत, काळवंडत्या गवतात उतरत होते.