एकशे एकाहत्तर टक्के

एकशे चौसष्ट टक्क्यांचा आकडा पुकारला गेला. चाचणीच्या दालनात भार चढवणाऱ्या जॅकचा संथ, तेलकट श्वास तेवढा ऐकू येत होता. एका टोकाशी लोखंडी चौकटीत जखडलेला विमानाचा पंख धनुष्यासारखा वर वाकला होता. त्याचे दुसरे टोक छताच्या दिव्यांची विचारपूस करू लागले होते, आणि तरीही तो मोडत नव्हता. काचेआड उभ्या असलेल्या बारा जणांपैकी कुणालाच ठरवता येत नव्हते, की आता हसायचे की काळजी करायची.

उड्डाणात कधी काळी पंखावर येऊ शकेल असा सर्वांत मोठा भार, तो शंभर टक्के. नियमाप्रमाणे पंखाने त्याच्या दीडपट भार तीन सेकंद पेलायचा. तेवढे केव्हाच पार पडले होते. त्यापुढे पंख मुद्दाम मोडेपर्यंत ताणायचा असतो, कारण तो नेमका कुठे मोडतो यावरून कागदावरचा हिशेब किती खरा ते कळते. हिशेब ताईचा होता आणि तिने दिलेला आकडा होता एकशे त्रेपन्न.

तिला सगळे ताईच म्हणत. तिचा धाकटा भाऊ इथला चाचणी वैमानिक. त्याने मारलेली हाक आधी कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी उचलली, मग वयाने पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या मुख्य अभियंत्यांनीही.

"पंख आहे का पूल?" मिस्त्री पुटपुटले.

एकशे एकाहत्तरला तो मोडला. साऱ्या गावाच्या खिडक्या एकाच वाऱ्याने आपटाव्यात तसा आवाज झाला, काळी धूळ उडाली, आणि मग टाळ्यांचा कडकडाट. टाळी वाजली नाही ती फक्त ताईची. जास्तीची ताकद म्हणजे जास्तीचे वजन, आणि आकाश वजन फुकट उचलत नाही, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक होते?

पंख मोडायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचा, अशी इथली रीत. जो सर्वांत जवळ, त्याला मोडक्या पंखाचा तुकडा; जो सर्वांत लांब, त्याने आठवडाभर सगळ्यांचे कप विसळायचे. मिस्त्री चिठ्ठ्या वाचू लागले.

"एकशे एकावन्न. कोण हा घाबरट? एकशे सत्तावन्न. एकशे साठ. आणि ही... एकशे सत्तर! वैमानिकराव, अक्षर तुमचं. शाळेत गणितात किती पडायचे?"

"गणिताचा काय संबंध?" धाकटा म्हणाला. "पंख ताईचा आहे. लहानपणी माझ्या शर्टाची बटणं हीच शिवायची. शर्टाच्या चिंध्या झाल्या, बटण जागच्या जागी."

दालन हसले. ताईही हसली, पण तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मुख्य अभियंते हसले नाहीत. त्यांनी तिला आराखड्याच्या टेबलाशी बोलावले आणि पंखाच्या मुळाशी बोट ठेवले. "इथे कार्बनच्या कापडाचे दोन थर जास्त आहेत. ओलसर हवेसाठी राखीव, हिशेबात धरलेले नाहीत, असं लिहिलंय. सही माझीच आहे. ताई, हवा इतकी ओली असते?"

"नाही, सर."

"मग?"

तिने काचेपलीकडे पाहिले. तिथे तिचा भाऊ ढिगाऱ्यातून आपले बक्षीस निवडत होता. "तो बसणार आहे त्यात."

"उद्या दुसरा बसेल. त्यालाही कुणी बहीण असेल." त्यांचा आवाज मऊच होता. "एकच सांगा. यात कोण बसणार ते विसरून हा पंख मांडता येईल तुम्हाला? येत नसेल तर काम दुसऱ्याकडे देतो. त्यात कमीपणा नाही. चहापर्यंत सांगा."

ते गेले. चार वर्षे तिने या पंखाशी संसार केला होता. त्याची प्रत्येक शीर तिला पाठ होती. तो आता दुसऱ्याच्या हाती जाणार?

"काय शिजतंय?" हातात काळा तुकडा नाचवत धाकटा आला. तिने काही न लपवता सांगितले.

"एकेका पंखाला अकरा किलो," तो म्हणाला. "म्हणजे बावीस किलो इंधन मला घेता येत नाही. ताई, वर वारा फिरला, धावपट्टी बंद झाली, तर मी तुझं कापड पांघरून बसू का? मला अर्धा तास दे. घिरट्या घालायला, दुसरी जागा शोधायला."

मायेने म्हणून त्याच्या अंगावर चढवलेली ती दोन वस्त्रे तिने त्याच्याच वेळातून कातरून घेतली होती, आणि हा हिशेब इतक्या कागदांमध्ये एकदाही मांडला नव्हता.

तिने लाल पेन्सिल उचलली, दोन्ही थरांवर काट मारली, खाली सही केली. मग मिस्त्रींना हाक मारली. "नव्या पंखाला हे दोन नकोत. सरांनाही सांगा, काम माझ्याकडेच राहील."

मिस्त्रींनी चष्मा वर सरकवला. "दोन्ही? एखादा राहू द्या की. माझ्या जिवाला बरं."

"मिस्त्री, तुम्हीसुद्धा?"

"मी काय, मी म्हातारा माणूस," म्हणत ते मान हलवत निघाले, आणि ताईला सकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसू आले. हसता हसता ती थांबली. इतक्या वर्षांत जी काळजी तिने आकड्यांआड दडवली होती ती आता उघडी पडली होती. विचारायला हरकत नव्हती.

"एक सांग," ती म्हणाली. "वर एकटा असतोस तेव्हा भीती वाटते का रे?"

ज्याच्या जिभेवर प्रत्येक गोष्टीचे उत्तर तयार असायचे, त्याने हातातल्या तुकड्याच्या फाटक्या धाग्यांवरून हळूच अंगठा फिरवला. तुकडा तिच्या आराखड्यावर ठेवला. मग मोडलेल्या पंखाखालून वाकून, उघड्या दारातल्या उन्हाच्या दिशेने, तो चालू लागला.