रुखमाबाईच्या नावाची फाइल

"पांढऱ्या बोंडाले बाई, बोट माझं लागे
ओटी भरता भरता, दिस जाये मागं मागं..."

हा आवाज मैत्रेयीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती शाळेतसुद्धा जात नव्हती. आई कापूस वेचायला निघाली की तिला शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या लिंबाखाली बसवून जायची. कपाशीत वाकलेल्या बाया तिथून दिसत नसत. आवाज तेवढा या ओळीतून त्या ओळीत सरकायचा, आणि त्या आवाजावरून मैत्रेयी ओळखायची की आई आता कुठवर पोचली. आवाज आईचा नव्हता. तो रुखमाबाईचा. रुखमाबाईनं ओवी सोडायची आणि बाकीच्या बायांनी ती पाठीमागून उचलायची. फार गोड होता असं नाही. जाड होता, मधेच चिरायचा. पण तो चालू असला की लेकराला भीती वाटत नसे.

आता मैत्रेयी बी. ए. झाली होती, आणि रुखमाबाई नव्हती.

यवतमाळच्या एका संस्थेनं राळेगाव तालुक्यातल्या बायांची गाणी जमवायचं काम काढलं होतं. गावात विहाराला लागून एक खोली होती. तिथं मैत्रेयीला एक जुना लॅपटॉप, एक माइक आणि इंटरनेटचं डोंगल देऊन बसवलं. जूनमध्ये यवतमाळला शिबिर झालं. तिथं निकिताताईंनी सांगितलं, "आधी प्रत्येक बाईच्या नावाची रिकामी फाइल करून ठेवा. मग आवाज त्या त्या नावात भरत जा, म्हणजे घोळ होणार नाही. तुम्ही इकडे रेकॉर्ड केलं की ते आपोआप आपल्या सर्वरवर येईल."

मैत्रेयीनं तिथंच संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसून गावातल्या बायांची नावं टाइप केली. रुखमाबाईचं नाव तिनं सगळ्यात आधी टाकलं.

त्याच साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारणाऱ्याचा पंप दिसायचा नाही, नुसता धूर कपाशीवर तरंगत जायचा. रुखमाबाईचा नवरा श्रावण पंप पाठीवर घेऊन फवारायचा आणि ती ड्रममध्ये औषध कालवून द्यायची. काडी सापडली तर काडीनं, नाही तर हातानं. पोळा झाला आणि गावोगावची माणसं दवाखान्यात जाऊ लागली. कुणाला दिसेना, कुणाच्या पोटात काही ठरेना. रुखमाबाईला यवतमाळला नेलं, तिथून तिला आणलं ते पांढऱ्या कापडात. श्रावण जगला. पण त्याच्या डोळ्यांपुढं धुकं राहिलं ते गेलंच नाही.

रुखमाबाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो भिंतीला धरून मैत्रेयीपाशी आला होता.

"पोरी, फोटो लावला म्हणतेत लोकं. मले तं नुसतं पांढरं दिसते. तोंड नाई दिसत तिचं." मग आवाज खाली करून म्हणाला, "ते तुह्याकडे गेलती ना गानं म्हनाले? नवं पातळ नेसून गेलती. ते गानं हाय ना तुह्यापाशी?"

मैत्रेयीच्या तोंडातून निघून गेलं, "हाय मामा. सर्वरमधी अडकलं हाय."

तेव्हापासून तो रोज खोलीच्या दारात येऊन बसायचा.

सर्वरचं खरंच बिघडलं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. निकिताताईंचा फोन यायचा, "मैत्रेयी, सगळ्या फाइली दिसताहेत, पण उघडली की आवाज नाही. एकूणएक रिकाम्या." मैत्रेयी म्हणायची, "पण मॅडम, मी काल ऐकली होती." आणि लॅपटॉपवर बघायची तर तिथंही काल भरलेली फाइल आज रिकामी. तिनं पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पुसलेलं. बाया चिडल्या. बिजलीबाई तांड्यावरून पायी येऊन गाऊन गेली होती. ती म्हणाली, "तुहं मशीन हाय का रांजन? गळतेच काहून?"

मैत्रेयी हसली होती. आणि घरी जाताना तिच्या मनात आलं होतं की हे मशीन असंच गळत राहावं. दुरुस्त होऊ नये.

शेवटी संस्थेनं प्रफुल्लला धाडलं. सकाळच्या एसटीनं तो आला, पाठीवर बॅग, तोंडात तंबाखूचा खर्रा. दारातल्या श्रावणला त्यानं जयभीम घातला.

"जयभीम, साहेब," श्रावण सरकून बसला. "तुमी सर्वरवाले का? मंग मले एक सांगा, हे सर्वर म्हंजे तहसील ऑफिस हाय का? इथून गेलेलं काई वापसच येत नाई."

"तहसीलीतून एखादा कागद येते तरी आबा," प्रफुल्ल बाहेर थुंकून आत आला. "याच्यातून तं फाइल येते अन आतलं गायब. थांबा, पाह्यतो त्याच्याकडे."

त्यानं डोंगल काढून स्वतःचं लावून पाहिलं. तोच प्रकार. नवी फाइल केली, तीत स्वतःच 'हॅलो, हॅलो, प्रफुल्ल बोलून राह्यलो' म्हटलं आणि यवतमाळला फोन करून विचारलं. 'हॅलो' पोचला होता. आवाजासकट.

"म्हंजे लाइन बरोबर हाय," तो म्हणाला. "नवीन फाइल जाते. जुन्या नावाचीच मरते. कोण्या नावाची मरते, ताई?"

"शिबिरात केलती त्या सगळ्या नावांची."

"मंग आता तुम्ही एकात रेकॉर्ड करा."

मैत्रेयीनं माइक उचलला. दारातून श्रावण म्हणाला, "मीच बोलतो. बायांच्या फाइलीत मानूस चालते का?" सगळे हसले. तो माइकमध्ये एवढंच म्हणाला, "मी श्रावण. बसलो हाव इथंच." प्रफुल्लनं ते बिजलीबाईच्या नावात भरलं आणि दोघं पडद्याकडे बघत राहिले. चहा येईपर्यंत फाइल रिकामी झाली. त्यांच्या डोळ्यांसमोर.

प्रफुल्लनं खर्ऱ्याची पुडी खिशात टाकली. "आता सापडलं. ताई, आज तारीख किती?"

"तारीख?"

"या लॅपटॉपले इचारा."

खालच्या कोपऱ्यात दोन हजार नऊचा जानेवारी चालू होता. मैत्रेयीनं तो कितीदा पाहिला होता. तिला वाटलं होतं, जुना लॅपटॉप आहे, असंच असेल.

"याच्या आत एक बारका सेल राह्यते, हातातल्या घड्याळात राह्यते ना, तसा. तो मेला. तुमच्या इथं लाइट गेली का हे बंद, अन चालू केलं का सिधं दोन हजार नऊमंधी. आता तुम्ही बाईचं गानं घेतलं का त्याच्यावर शिक्का लागते दोन हजार नऊचा. सर्वर काय करते, दोन्हीकडची फाइल समोरासमोर ठेवते, अन जिची तारीख नवी, ते खरी मानते. त्याच्यापाशी तुमची शिबिरातली रिकामी फाइल हाय, यंदाच्या जूनची. त्याले वाटते रिकामीच नवी. मंग ते रिकामी उचलून गान्यावर टाकते."

"गाणी गेली?" मैत्रेयीनं विचारलं.

दारातला श्रावण उभा राहिला. भिंत चाचपत आत आला.

"नाई नाई आबा, बसा. गेली नाई. हे सॉफ्टवेअर तसं शहाणं हाय. जे पुसते ते फेकत नाई, एका कोपऱ्यात दडवून ठेवते. लोकायले दिसत नाई तेवढं." त्यानं चार-दोन कळा दाबल्या. पडद्यावर एक फिकट फोल्डर उगवलं. "हे पाहा. आतापावतो जे जे पुसलं गेलं, ते सगळं इथं हाय. एकबी सुटलं नसन."

त्यानं पहिलीच फाइल लावली. कोणी बाई खोकली, खाकरली, आणि गाऊ लागली.

"हे गंगा," श्रावण लगेच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काही हललं. "खोकलली तवाच ओळखली म्या. लगनातबी अशीच खोकलते."

"ही फाइल म्या फोनवर ऐकवलती, तं ऑफिसनं वापस केलती," मैत्रेयी हळूच म्हणाली. "खोकला नको म्हणे रेकॉर्डिंगमधी. साफ पायजे."

"साफ?" श्रावण म्हणाला. "औंदा कोनाचा गळा साफ हाय?"

प्रफुल्लनं घड्याळ बरोबर केलं. मग एकेक फाइल कोपऱ्यातून काढून तिच्या जागी ठेवू लागला. खोलीत बाया एकामागून एक आल्या. बिजलीबाई आपल्या बोलीत तीजेचं गाणं गाऊन गेली. पाटलाच्या मळ्यातल्या दोघी बहिणी भांडत भांडत गाऊन गेल्या, 'तू पुढं म्हन', 'नाई, तूच म्हन'. कुणी लेकीला सासरी धाडलं, कुणी भावाची वाट पाहिली, कुणी भीमाच्या नावानं दिवा लावला.

"वटी भरली कापसानं, जसं सातव्याचं पोट
हळू चाल माह्या बाई, पायी टोचते पऱ्हाट..."

प्रत्येक आवाज सुरू झाला की श्रावण मान पुढं काढायचा. दुसऱ्या ओळीला मान मागं यायची.

मैत्रेयी पडद्याकडे बघत नव्हती. यादी खाली खाली सरकत होती आणि तिला ती न बघताच कळत होती. काल एवढ्या वेळेपर्यंत तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं. लाइट होती, रेंज होती, यवतमाळ होतं. प्रफुल्लनं एकेक करून ते सगळं निस्तरलं होतं.

"हे शेवटची राह्यली," प्रफुल्ल म्हणाला. "रुखमाबाई श्रावण..."

"हेच," श्रावण म्हणाला. "हेच ते. लाव बापा."

प्रफुल्लनं नावावर बोट ठेवलं. मग त्या फिकट फोल्डरात गेला, वरून खाली आला, खालून वर गेला. तिथं रुखमाबाईचं नाव नव्हतं. त्यानं यवतमाळला फोन लावला. निकिताताईंचा आवाज खोलीभर ऐकू आला, "इथे फाइल आहे, पण रिकामी आहे. जूनमध्ये केली तशीच."

"कमाल हाय," प्रफुल्ल डोकं खाजवत म्हणाला. "बाकीच्यायचं पुसलं म्हणून सापडलं. हिचं पुसलेलंबी नाई. पुसायले पयले काई असावं तं लागते..." बोलता बोलता तो थांबला. त्यानं मैत्रेयीकडे पाहिलं. ती खिडकीच्या गजाकडे बघत होती. प्रफुल्लनं नजर काढून घेतली आणि लॅपटॉपचं झाकण उगाच पुसलं.

"मंग?" श्रावण म्हणाला. "साहेब, लावा ना."

"आबा, कसं हाय..." प्रफुल्लनं डोंगल काढून हातात घेतलं. "कधी कधी डिस्कमधी खोल राह्यते. नागपूरले एकजन हाय माह्या वळखीचा. तो काढते. मी नेतो हे, दाखवतो त्याले. भरवसा नाई देत."

"मीबी येतो."

"तुम्ही कायले आबा? तुम्हाले दिसत नाई."

"दिसाले कोन चाल्लं? आयकाले चाल्लो." श्रावणनं काठी शोधली. "तिचा आवाज दुसऱ्याले वळखू येनार नाई. त्यानं भलत्याच बाईचा काढून देल्ला म्हंजे? मी पुढं बसतो, तो लावन, मी सांगन हे का नाई ते. किती वाजता हाय गाडी? पोरी, सांगजो घरी का मामा नागपूरले गेला. शेजारच्या बाईले म्हनाव, कोंबड्या झाकजो."

तो खरंच निघाला. एका हातानं दाराची चौकट चाचपली, दुसऱ्या हातानं सदऱ्याची गुंडी लावली. गुंडी चुकीच्या काजात गेली होती. प्रफुल्लनं बॅग उचलली नाही.

मैत्रेयी उठली आणि चौकटीत आडवी उभी राहिली.

"मामा, नोका जाऊ."

"काहून?"

"नागपूरले काई नाई. यवतमाळलेबी काई नाई."

"तू तं म्हनत होती का अडकलं हाय."

"खोटं बोलली मी." तिनं त्याचा हात धरला, आणि तो सोडवून घेईल म्हणून घट्ट धरला. "गानं हारपलं नाई मामा. म्या ते घेतलंच नाई. फवारनीच्या दिवसात मामी आलती, नवं पातळ नेसून. या सतरंजीवर बसली. म्या माइक समोर धरला. तिनं तोंड उघडलं अन खोकला आला. पानी देल्लं. पुन्हा म्हनाले गेली, पुन्हा खोकला. आवाजच निघे ना. डोळे लाल झालते, पानी येऊन राह्यलं होतं, अन मले वाटलं खोकल्यानंच येते. मले ऑफिसची भीती होती, फाइल वापस येईन म्हनून. म्या रेकॉर्डचं बटन दाबलंच नाई, मशीन बंद केलं. मामी म्हने, पोरी, थोडी दमतो अन म्हनतो, आजच घेऊन टाक. म्या म्हनलं, नाई मामी, गळा बसला तुमचा. बरं वाटलं का येजा."