दोन मुलांची सूट

बत्तिशीने मनातल्या मनात कितीदा तरी आकडेमोड केली होती आणि दर वेळी उत्तर भट्टीच आलं होतं. दवाखाने त्याच्या प्रत्येक बिलातून आधीच कर कापून घेत. कमाई मात्र कराच्या उंबरठ्याशीही पोचत नसे. तेव्हा कापलेलं सगळं सरकारकडून परत यायचं. एरवी ते घरखर्चात विरघळून जाई. यंदा त्यात नवी भट्टी बसत होती, वर चहापाण्यापुरतं उरतही होतं.

बत्तिशी हे गल्लीने ठेवलेलं नाव. तो कवळ्या करायचा; त्याची बायको त्या घासूनपुसून चकाकवायची. दात भाजायची जुनी भट्टी अलीकडे एकाच अंगाने तापे, त्यामुळे एका कवळीत दोन रंगांचे दात निघत. निम्मं काम देणारी डॉक्टरीणबाई म्हणाली होती, "काका, पेशंट एक आणि हसू दोघांचं, असं दिसतंय. भट्टी बदला, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल."

आणि आता करकचेरीतला कारकून पडद्याकडे बघत सांगत होता, "तुमचा परतावा कधीच गेला की."

"कुठं गेला?"

"तुमच्या खात्यात."

"माझ्या खात्यात आला असता, तर मी इथं तुमच्या पंख्याची हवा खायला आलो असतो का, साहेब?"

कारकुनाने खात्याचे शेवटचे आकडे वाचून दाखवले. बत्तिशीचे नव्हते. पत्ताही भलताच. कोणीतरी त्याच्या नावाने, त्याच्या आधी करविवरण भरून मोकळं झालं होतं.

"कागदांच्या प्रती कोणाला दिल्या होत्या?"

"छे. मी इतका खुळा नाही."

"डब्यात," शेजारच्या खुर्चीवरून बायको म्हणाली.

तयार कवळी डब्यात घालताना हादरू नये म्हणून भोवती कागदाचे बोळे लागत. वर्षानुवर्षांच्या करविवरणांच्या जादा प्रती घरात पडून होत्या. त्यांचेच बोळे करून त्याने गावभरच्या दवाखान्यांत पाठवले होते. सही, क्रमांक, जन्मतारीख, सगळं घरपोच.

"मी म्हटलं होतं, कापूस आणा."

"कापूस काय झाडाला लागतो, असं म्हणालो होतो मी."

"हो. आणि मी म्हटलं, लागतो."

कारकून हसला आणि हसू आवरत पुढे वाचू लागला. "भामट्याने कमाई आणि कापलेला कर, दोन्ही फुगवून दाखवलेत. वर दोन मुलांची सूट घेतलीय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा."

लग्नानंतरची बरीच वर्षं दोघांनी मुलासाठी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मग तो विषय दोघांनी मिळून वरच्या फळीवर ठेवला. पुन्हा स्टूल कोणी लावलं नव्हतं.

"आम्हाला मुलं नाहीत," बत्तिशी म्हणाला.

"त्याचा पुरावा?"

"नसलेल्याचा पुरावा कुठून आणू? असती तर आणली असती धरून."

"मग दोघांनी लिहून द्या. आम्हाला अपत्य नाही, ही मुलं आमची नाहीत. त्याशिवाय तुमचा अर्ज पुढे सरकायचा नाही."

कारकुनाने छापील कागद पुढे सरकवला. बत्तिशीने भट्टी डोळ्यांसमोर आणून सही ठोकली. बायकोने पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"नावं काय आहेत त्यांची?"

"ते नाही सांगता येणार, बाई. दुसऱ्याची माहिती आहे ती. तुमची असती तर सांगितली असती."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच, गोल आणि सावकाश.

बाहेर पडल्यावर ती पुढे चालू लागली. फाटकाशी थांबून म्हणाली, "नऊ म्हणजे चौथीत असेल ना?"

कवळ्यांच्या धंद्यात त्याला तोंडाचा अंदाज लगेच यायचा. तिच्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

"चौथीतच," तो म्हणाला. "धाकटा पहिलीत."

"हं," ती म्हणाली, आणि दोघं रस्ता ओलांडून गेले.

परतावा आला, पण पुढच्या वर्षाचं विवरण भरायची वेळ झाल्यावर. तोवर डॉक्टरीणबाईचं काम हळूहळू दुसरीकडे सरकलं होतं. नवी भट्टी बसली, दात एका रंगाचे निघू लागले, लावायला मात्र तोंडं कमी झाली. चोर सापडला नाही.

पहिली कवळी भट्टीतून निघाली तेव्हा बत्तिशीने सवयीने हिशेब मांडला. सरकारने पैसे दोनदा मोजले. चोराने छदामही मोजला नाही. त्याच्या कंजुषीची किंमत म्हणून त्याचं अर्धं काम गेलं. बाकी देणं त्या दिवशी कारकुनाच्या टेबलाशीच चुकतं झालं होतं, आणि ते त्याच्या बायकोने त्या सहीने चुकतं केलं होतं.