पडद्याची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. १९७२च्या सुमारास तुमसरच्या एका शिंप्याने मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवले, कडेने काळी किनार लावली आणि दोऱ्या ओवायला पितळी कड्या बसवल्या. माझे सारे आयुष्य चिखल्याच्या खाण कामगारांच्या वसाहतीत गेले.

मैदानाच्या मधोमध दोन बांबूंना मला ताणून बांधत. एका बाजूला मशीन आणि पुरुषमंडळी, दुसऱ्या बाजूला बायका आणि लहान मुले. कापड पातळ असल्याने चित्र दोन्हीकडून दिसे. बांधण्याचे काम सोमाजी या खाण कामगाराकडे होते. खेळ संपला की ते माझी घडी घालून घरी नेत, आणि सकाळी त्यांची बायको देवकाबाई मला धुऊन, नीळ देऊन अंगणात वाळत घालत. खाणीची काळी धूळ त्यांनी माझ्यावर कधी टिकू दिली नाही. मी पांढरा राहिलो, तो त्यांच्यामुळे.

माझ्यावर काय उमटते, ते मला दिसत नाही. अंगावर उजेड हलतो, एवढेच कळते. सिनेमे मला कळले ते देवकाबाईंच्या तोंडून. मला चोळताना शेजारच्या रत्नाबाईंशी त्यांच्या गप्पा चालत.

"कालची हिरोइन पाह्यली का व? रोवणा करून राह्यली होती. धानाचं रोप लावत लावत पुढं चालली! आपलंच रोप तुडवते ते! रोवणा करतानी माणूस मांगं सरकते, येवढंही कोणी सांगतलं नाही तिले."

"पण दिसाले मस्त होती, देवका."

"दिसाले असन. आपल्या धानाच्या बांधीत मी तिले पाय नसता ठेवू देला."

डाकूंच्या सिनेमाबद्दल त्यांचे मत होते की, डाकू शहाणा आणि पोलीस झोपाळू. रडून आंधळ्या झालेल्या आईला शेवटी देवळात दृष्टी येते, तो सिनेमा त्यांना मुळीच पटला नव्हता. "घंटा वाजोल्यानं डोये येत असते तं दवाखाने कायले बांधले असते?" असे म्हणून त्यांनी मला जोरात पिळले होते. सिनेमात त्या पोटभर रडत, पण दुसऱ्या दिवशी खोटे ते खोटे म्हणत.

एक सिनेमा मात्र त्यांनी मनात जपून ठेवला होता. तो डॉक्टरचा.

त्याचे कारण त्यांची मुलगी, ललिता. ललिता डेबरी, म्हणजे डावखुरी होती. जेवण, पाटी, झाडू, सारे डाव्या हाताने. तिची आजी मनकर्णाबाई त्या हाताला चिंधी बांधून ठेवत. उजव्या हाताने ललिताचे घास सांडत, अक्षरे वाकडी येत, आणि ती पाटी पालथी घालून बसे.

डॉक्टरच्या सिनेमानंतर देवकाबाईंनी मला दोरीवर टाकले आणि सासूला म्हणाल्या, "आत्याबाई, तो डाक्टर डाव्या हातानं सुई टोचते. डाव्या हातानंच चिठ्ठी लिवते. अन् सारा गाव त्याच्या पाया पडते. इचारा रत्नाबाईले."

मनकर्णाबाईंनी रत्नाबाईंना विचारले, आणखी दोघीतिघींना विचारले. सगळ्यांनी तेच सांगितले. सगळ्या मागच्या बाजूला बसणाऱ्या होत्या. सोमाजींचे लक्ष दोऱ्यांकडे असे, हाताकडे नव्हे. चिंधी सुटली. पुढे ललिताची पाटी इतकी सुरेख भरू लागली की शेजारच्या पोरी ती बघायला येत.

मग देवाचा सिनेमा आला. एरवी सिनेमाला नाके मुरडणाऱ्या मनकर्णाबाई त्या दिवशी चपला दूर काढून, पदर सावरून माझ्यामागे बसल्या. मला मागाहून गप्पांतून कळले, की शेवटी देव प्रकट झाला आणि त्याने आशीर्वादाला हात उचलला. डावा!

त्या ताडकन उठल्या. माझ्या बाजूने वळसा घालून थेट मशीनजवळ गेल्या आणि मशीन चालवणाऱ्या श्यामरावांना म्हणाल्या, "काहून रे, तुया देवाले कोणी शिकवलं नाही का? डाव्या हातानं आशीर्वाद देते?"

"माय, इकडून पाह्य," श्यामराव हसत म्हणाले. "मांगून सारं उलटं दिसते."

मनकर्णाबाईंनी वळून पाहिले. त्यांना देवाचा उजवा हात वर दिसला.

सकाळी देवकाबाई मला धूत होत्या. मनकर्णाबाई चिंधी घेऊन अंगणात आल्या. "तुहा डाक्टरही उजवाच होता. ललिता, इकडं ये."

ललिताने डावा हात पाठीमागे लपवला. देवकाबाईंचे हात माझ्यावर थांबले. त्यांचा एकमेव साक्षीदार खोटा ठरला होता. आणि खोट्याला खोटे म्हणायची त्यांचीच सवय होती.

"खरं हाय, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "माही चुकी झाली. पण येक सांगा. देवानं हात उचलला तवा मांगं आमी साऱ्या बाया होतो. तुमीही होत्या. तिकडच्याइले उजव्या हातानं भेटला, आपल्याले डाव्या. मंग आपल्याले आशीर्वाद कमी भेटला का?"

पाणी घेऊन आलेल्या रत्नाबाईंनी बादली खाली ठेवली.

"कमी कसा भेटन?" म्हातारी पुटपुटली. मग पुढे होऊन माझ्या कोपऱ्यावरचा एक डाग तिने त्या चिंधीने घासून घासून काढला. "नीट धूत जा व. देव येते याच्यावर." चिंधी तिने तिथेच बादलीत टाकली. ती पुन्हा कोणाच्या हाताला बांधली गेली नाही. त्यानंतर मनकर्णाबाई दर सिनेमाला आल्या, आणि बसल्या मागेच.

मित्रांनो, पुढे वसाहतीत टीव्ही आला, व्हिडिओ आला. बांबू कोणीतरी मांडवाला नेले. मी पेटीत पडलो आणि उंदरांनी मला एका जागी कुरतडले. एका दुपारी ललिताने मला बाहेर काढले. ती आता मोठी झाली होती, शिवणकाम करत होती. तिने ते भोक डाव्या हाताने रफू केले. तुमसरच्या शिंप्याचे टाके एका अंगाला कलतात, तिचे दुसऱ्या. माझ्या अंगावर ते आजही शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही सारखेच घट्ट आहेत.

मी या घराचा ऋणी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना पडदा असेल, तर त्याला उंदरांच्या हवाली करू नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि कोणाच्या हाताला चिंधी बांधावीशी वाटली, तर आधी एकदा माझ्या मागच्या बाजूला येऊन बसा. तिथूनही सिनेमा पुरा दिसतो.