बाबांचं भरीव डोकं

"मुंगे, हे एवढं जड कसं गं?"

पाट उचलताना माझं मनगट लचकलंच. पाटावर मातीचं डोकं होतं, नववीतल्या एका पोरीनं जीव ओतून केलेलं, तिच्या बाबांचं. न बोलता कामाला जुंपलेली असते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. मला, त्यांच्या कलेच्या बाईंना, तोफ म्हणतात तेही ठाऊक आहे. म्हणू देत.

"बाई, गाल खचत होते. म्हणून आतून पुन्हा माती भरली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, वर्षभर घसा फोडून सांगतेय ना, आतून पोकळ ठेवा! भरीव डोकं भट्टीत फुटतं. तुझं तर जाईलच, शेजारच्या पोरांच्या कामाच्याही ठिकऱ्या उडतील!"

उपाय एकच होता. तारेनं डोकं उभं कापायचं, आतली माती कोरायची, दोन्ही भाग पुन्हा जोडायचे. तेही आजच. आज माती साबणाच्या वडीसारखी कापली गेली असती, उद्या कडक झाली असती. आणि नेमके आजच तिचे बाबा यायचे होते. औषधांचं दुकान चालवणारा माणूस. पुढच्या वर्षी पोरीची कला बंद आणि त्या वेळात गणिताची शिकवणी, असं त्यांनी फोनवर मला सुनावलं होतं. "आधी तिचं काम बघा, मग काय ते ठरवा," एवढंच मी कसंबसं त्यांच्या गळी उतरवलं होतं. आता ते काम बघायला येणार आणि कामाचे दोन तुकडे!

"बाई, तुम्हीच कापा ना."

"मुळीच नाही."

पोरांच्या कामाला मी बोट लावत नाही. एकदा बाईंचा हात फिरला की ते काम बाईंचं होतं. हा माझा नियम आहे आणि त्यापायी मी पुष्कळ शिव्या खाल्ल्यात.

मुंगीनं टाळूवर तार ठेवली आणि खाली ओढली. कानापर्यंत आली आणि अडकली. तिनं जोर लावला तसं अख्खं डोकं पाटावर सरकलं, मान डुगडुगली. तिचे दोन्ही हात तारेत. "हलू नकोस!" मी ओरडले. माझा हात पुढे गेला, मी तो मागे खेचला. मला रडू यायचंच बाकी होतं.

"हे काय चाललंय?"

दारात बाबा. समोर पोटची पोर त्यांच्याच डोक्यात तार घालून उभी.

"बाबा, धरा! लवकर!"

"काय धरू?"

"तुमचं डोकं!"

बिचाऱ्यांनी आधी स्वतःच्याच डोक्याला हात लावला. मग पिशवी टाकून धावले आणि मातीचे गाल घट्ट धरले. नियम बाईंसाठी होता, बाबांचा मी कधी विचारच केला नव्हता. तार सरसर खाली आली आणि चेहरा सुटून त्यांच्या हातात आला.

मुंगी आतली माती कोरू लागली. ते स्वतःचा चेहरा धरून बघत राहिले.

"हनुवटीखालचा हा वण तुला कधी दिसला?"

"वरच्या फळीवरचं औषध काढताना तुम्ही मान वर करता ना, तेव्हा."

"तेव्हा तू दुकानात अभ्यास करत असतेस."

"अभ्यास नव्हते करत, बाबा."

संपलं, मी मनात म्हटलं. पोरीनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

त्यांनी चेहरा तसाच तिच्यापुढे धरला. मुंगीनं पातळ माती लावून दोन्ही भाग जोडले. गालावर त्यांच्या अंगठ्याचा खोल ठसा उमटला होता.

"मी बिघडवलं की हे."

मुंगीनं ठसा पुसायला कोरणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "असू दे."

"आता भट्टीत फुटणार नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलणं मला जमत नाही. "फुटूही शकतं. मग पुन्हा करावं लागेल."

नळाखाली ते बराच वेळ हात धूत राहिले. मग आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "शिकवणी सकाळची बघतो. आणि हे बघ, पुढच्या वर्षी असं चोरून बघू नकोस. सांगत जा, मी समोर बसेन."

मुंगीच्या हातातली तार खाली पडली. उचलायला मीच वाकले, कारण तिला काही दिसत नव्हतं.